ताटावरची फुली

वानरांना मारायचं नाही, नुसतं पळवायचं, आणि तेही त्यांच्या केसाला धक्का न लावता, असा वाव्हळे सरांचा बेत होता. ऐकून शुभदानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कपाळाला हात लावला. पण कपाळाला हात लावून सरांचे बेत थांबत असते तर त्यांच्या गच्चीवर पावसाचं पाणी मोजायचं यंत्र, सूर्याची चूल आणि कबुतरांनी कायमचा ताबा घेतलेली पवनचक्की आज दिसली नसती. नवरा विज्ञानाचा शिक्षक असला की हे भोगावंच लागतं, असं शुभदा माहेरी सांगायची.

बेताचं मूळ झरीत होतं. झरीच्या शिवारात सरांचं दोन एकर रान, आणि त्या रानात सरांची माय, चांगुणाबाई. सत्तरी कधीच ओलांडलेली. गावात घर होतं, परभणीत लेकाचा ब्लॉक होता, पण हरभरा फुलावर आला की बाई जी रानातल्या खोपीत मुक्काम ठोकायची ती रास घरात आल्यावरच उठायची. सर दर रविवारी मोटारसायकल काढून झरीला जात, "माय, आता बास झालं, परभणीला चल" म्हणत, आणि माय दर रविवारी तेच विचारी, "मी आल्यावर वानरं कोण हाकलंल? तू?"

यंदा वानरांनी कहरच केला. तुरीच्या शेंगा ओरबाडल्या, हरभऱ्याचा बांधाकडचा तुकडा पार बोडका करून टाकला. "लय माजलीत औंदा," माय म्हणाली, "हाताच्या अंतरावर येऊन खायलीत." एकदा त्यांच्यामागं धावताना ती बांधावरून पडली. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. हे तिनं सांगितलं नाही, सरांनी लुगड्यावरचं रक्त बघून ओळखलं. त्या दिवसापासून सरांना मोबाइल वाजला की धस्स व्हायचं.  एक दिवस फोन येणार, माय रानात पडली आणि कुणाला कळलंच नाही असं कुणीतरी सांगणार, ही भीती त्यांना वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा सोडत नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलं की मायचा हा रानातला शेवटचा हिवाळा. वानरांचा बंदोबस्त झाला की तिची सबब संपली, आणि सबब संपली की तिला गाडीवर बसवून आणायचं.

आता बंदोबस्त कसा? जीव घ्यायचा प्रश्नच नव्हता. कायदा एक, आणि दुसरं म्हणजे घरात रोज संध्याकाळी पंचशील म्हटलं जायचं, त्यातलं पहिलंच शील प्राण्याच्या जिवाचं. तेव्हा सरांनी युक्ती काढली. बांधावरच्या झाडांना स्टीलची ताटं टांगायची, खोपीत बसून छऱ्याच्या बंदुकीनं ताटावर नेम मारायचा. ठण्ण! वानरं पसार.

"मग ताट हातानंच वाजवा की," शुभदा म्हणाली.

"हातानं वाजवायचं तर ताटापर्यंत पळावं लागतं. तेच तर बंद करायचंय."

"आणि आई इकडं आल्यावर बंदूक कोण मारणार?"

"शास्त्रात एका वेळी एकच प्रश्न सोडवतात," सर म्हणाले आणि तो विषय त्यांनी तिथंच मिटवला.

मग ताटांचा प्रश्न आला. आपल्याकडं स्टीलचं भांडं म्हटलं की त्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतंच. सरांनी फळीवरून पहिलं ताट काढलं तर त्यावर 'मामांकडून सप्रेम भेट' असं निघालं.

"माझ्या मामाच्या ताटावर गोळ्या झाडायच्या?" शुभदानं ताट हिसकावून घेतलं. "तुमच्या आत्याचं आहे की ते, ते घ्या."

आत्याच्या ताटावर गोळी झाडायला सरांचं मन होईना. आत्या हयात होती आणि जेवायला यायची. दोन्हीकडचे नातेवाईक असे एकेक करून सुटत गेले. शेवटी शिक्षकांच्या पतपेढीनं सभासदांना वाटलेली ताटं माळ्यावरून निघाली. पतपेढीवर नेम धरायला दोन्ही घराण्यांची हरकत नव्हती.

बंदूक आली, पण नुसत्या डोळ्यांनी सरांना ताट कुठलं आणि पान कुठलं ते कळेना. तेव्हा बंदुकीवर बसवायची दुर्बीण मागवली. कुरिअरवाल्यानं खोकं दिलं आणि सरांच्या सुखाचे दिवस तिथंच संपले.

या दुर्बिणीचं थोडं समजून घ्यायला हवं, फार नाही. तिच्यात बघितलं की मधोमध बारीक काळी फुली दिसते. मागं, डोळ्याजवळ, एक कडं असतं. ते बघणाऱ्याच्या डोळ्यासाठी, ते फिरवून फुली स्वच्छ करून घ्यायची. पुढं दुसरं कडं असतं. ते अंतरासाठी, त्यानं ताट स्वच्छ करायचं. दोन्ही नीट जुळली नाहीत तर डोळा जरासा हलला की फुली ताटावरून घरंगळते, आणि आपण ताटावर झाडलेला छरा जातो भलतीकडं. याला म्हणतात पॅरॅलॅक्स. आता हा पॅरॅलॅक्स सर नववीच्या पोरांना सगळी नोकरी शिकवत आले होते. अंगठा नाकासमोर धरा. एक डोळा झाका. आता दुसरा झाका. अंगठा हलला? हलला सर! अंगठा नाही हलला रे गाढवांनो, बघायची जागा हलली. हे वाक्य सरांना स्वतःलाच फार आवडायचं.

रविवारी सकाळी, झरीला निघण्याआधी, त्यांनी गच्चीवर पाट मांडला, त्यावर गव्हाच्या पिशव्या ठेवल्या, पिशव्यांवर बंदूक, आणि पलीकडच्या पाण्याच्या टाकीला ताट बांधून ते पोटावर आडवे झाले. तासभर खटपट केल्यावर फुली केसासारखी स्वच्छ झाली. ताटावरचं 'पतपेढी' वाचता यायला लागलं. डोकं डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं, फुली जागची हलेना. सरांच्या छातीत आनंद मावेना. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

भगवानराव समोरच्या ब्लॉकमधले. कोषागारातून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सगळ्या कॉलनीची बिलं तपासून परत पाठवणारे. त्यांच्या चष्म्याच्या काचा जाडजूड होत्या.

"काय करायलात सर?"

सरांनी सांगितलं. भगवानरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळा लावला आणि म्हणाले, "अहो, नुसतं धुकं हाय की!" सर 'हां हां' म्हणेपर्यंत त्यांनी मागचं कडं धरून गरागरा फिरवलं. "आता बघा! कसं आरशासारखं केलं!"

सरांनी बघितलं. नुसतं धुकं होतं.

"ते तुमच्या डोळ्यासाठी झालं, माझ्यासाठी नाही," सरांनी समजावलं.

"डोळा डोळाच असतो सर," भगवानराव म्हणाले. "मला दिसायलंय, तुमाला दिसत न्हाई, म्हंजे दोष तुमच्यात हाय. नंबर वाढला असंल. गाजर खा."

त्यानंतर कॉलनीतलं कोण आलं नाही ते विचारा. आपल्या लोकांना फुकट बघायला मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतं? आणि जो येई तो डोळा लावी, 'धूसर आहे' म्हणे, कडं फिरवी आणि सरांवर उपकार केल्याचा चेहरा करून उतरे. सरांनी 'कृपया मागील कडे फिरवू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. भगवानरावांनी ती सोलून काढली, कारण चिठ्ठीमुळं कडं फिरवायला अडचण होत होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी सरांनी सोसलं असतं. पण दोन दिवसांत समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांचे पडदे लागले. गच्चीवरची वाळवणं उचलली गेली. भाजीच्या गाड्यापाशी कुणीतरी शुभदाला विचारलं, "सरांनी दुर्बीण आणली म्हणे? कशाला हो?" आणि त्या 'कशाला हो'मध्ये इतकं काही होतं की शुभदा कोथिंबीर न घेताच घरी आली. सर रात्री जेवले नाहीत. ज्या माणसानं सबंध नोकरीत मुलींच्या बाकाकडं मान वर करून बघितलं नाही, त्याच्यावर ही वेळ यावी! त्यांना इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन पोलीस ठाण्यात गेले.

ठाण्यात दत्ता हवालदार होता, सरांचाच विद्यार्थी. उठून उभा राहिला, खुर्ची पुसली.

"बंदूक घेतलीय, त्याची नोंद करायचीय," सर म्हणाले.

"परवाना हाय का सर?"

"या बंदुकीला परवाना लागत नाही."

"मंग आलात कामून?"

"लागत नाही असं तुमच्याकडं लिहून असावं म्हणून."

दत्तानं पेन खाली ठेवलं. "सर, जे लागतच न्हाई ते कुठं लिहू? मंग ज्याच्या घरी बंदूकच न्हाई तोबी उद्या येईल, लिहून घ्या म्हणून. समदी परभणी येईल." मग आवाज उतरवून म्हणाला, "आणलीय का बरोबर? बघू द्या की."

सरांनी चादरीत गुंडाळलेली बंदूक उघडली. दत्तानं खिडकीतून समोरच्या वडावर दुर्बीण लावली. "धूसर हाय सर," म्हणाला आणि कडं फिरवलं. "आता कसं! सर, तुमी आमाला अंगठा शिकवलेला ना?"

"पॅरॅलॅक्स! आठवतं तुला?" सरांचे डोळे चमकले.

"अंगठा आठवतोय," दत्ता म्हणाला. "पुढचं न्हाई."

सर काहीच न नोंदवता घरी आले आणि पुन्हा पहिल्यापासून फुली जुळवायला बसले.

पुढच्या रविवारी ते झरीला पोचले. पाठीला बांधलेलं लांबोडकं बोचकं बघून माय आधी कडाडलीच.

"बंदूक? पंचशील घेतेलं हाय आपण! तुझ्या बापानं कोंबडीबी कापली न्हाई."

"माय, जीव नाही घ्यायचा. ताट वाजवायचं नुसतं."

तिनं ताट हातात घेऊन चाचपलं, काठावरून बोटं फिरवली. "ह्याच्यावर आन्न वाढतेत," म्हणाली. "आधी नमस्कार कर, मंग टांग."

सरांनी पतपेढीच्या ताटाला नमस्कार केला आणि लिंबाच्या खालच्या फांदीला ते टांगलं. खोपीत बंदूक मांडतात न मांडतात तोच शेजारच्या रानातून आबासाहेब आले. आबासाहेबांचा ऊस होता, नवा ट्रॅक्टर होता आणि जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल एक मत होतं.

"बंदूक म्हंजे आमच्या आज्याचं काम, सर. निजामाच्या टायमाला त्यानं मचाणावरून नुसत्या नदरेनं नेम धरला. हे नळकांडं कशाला?" असं म्हणून त्यांनी त्या नळकांड्याला डोळा लावला. पुढचं सांगायलाच नको. कडं फिरलं.

सरांनी जमेल तसं परत जुळवलं, श्वास रोखला आणि घोडा दाबला. ताट काही वाजलं नाही. पण पलीकडं आबासाहेबांच्या ठिबकच्या नळीतून पाण्याची बारीक चिळकांडी उंच उडाली. बाभळीवर बसलेली वानरं हा सगळा प्रकार शांतपणे बघत होती. त्यातलं एक सावकाश खाली उतरलं आणि चिळकांडीला तोंड लावून पाणी प्यालं.

"वा सर," आबासाहेब म्हणाले, "पाण्याची सोय केलीत त्यांच्या." आणि मोटार बंद करायला ट्रॅक्टर घेऊन निघाले. ट्रॅक्टरनं एवढा फुफाटा उडवला की सरांनी घाईघाईनं दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर काळं रबरी झाकण बसवलं आणि ते तोंड धुवायला विहिरीवर गेले. तोंड धुता धुता त्यांना वाटलं, सोडून द्यावं हे सगळं. पण सोडलं तर मायला न्यायचं कसं?

परत आले तेव्हा आबासाहेब नळीला चिंधी बांधून हजर होते, आणि बरोबर गावातले दोघं-तिघं तमाशा बघायला आलेले. माय सगळ्यांना काळा चहा देत होती.

"चांगुणामाय, समद्यांनी बघितलं, तुमी बघा की," आबासाहेब म्हणाले. "लेकानं काय आणलंय ते."

"मला काय कळतंय त्यातलं," माय म्हणाली. पण सगळ्यांनी धरलंच, तेव्हा ती खाली बसली, पदर सावरला आणि दुर्बिणीला डोळा लावला. सगळे 'धूसर' या शब्दाची वाट बघत होते. सर तर कड्यावर हात ठेवूनच बसले होते.

"लय झकास दिसायलंय," माय म्हणाली.

सरांचा कानांवर विश्वास बसेना.

"ते ताट. लिंबाच्या खालच्या फांदीला. उन्हात चमकायलंय. पलीकडं बांधावर बोर, आन बोरीखाली एक वानरीण बसलीय. पोटाशी पिल्लू हाय."

काय वाटलं असेल त्या माणसाला! कॉलनी, कोषागार, पोलीस खातं आणि ऊस बागायतदार, सगळे हरले होते, आणि एक त्यांची माय, जिनं कडं न फिरवता, तक्रार न करता, जसं आहे तसं बघितलं होतं. "बघा!" ते सगळ्यांकडं वळून म्हणाले, "बघा, याला म्हणतात नजर!"  मग आपणही ते ताट एकदा मनसोक्त बघावं म्हणून ते खाली बसले आणि त्यांनी डोळा लावला.

आत काळोख होता. सरांनी डोळा चोळला, परत लावला. काळोखच. हात पुढं गेला आणि बोटाला रबरी झाकण लागलं. मघाशी त्यांनीच बसवलेलं.

सर तसेच बसून राहिले. मागं लोक हसत-बोलत होते, आबासाहेब कुणाला तरी आज्याच्या नेमाची गोष्ट सांगत होते, आणि सरांना एकेक गोष्ट लख्ख दिसायला लागली. ताट चाचपणारी मायची बोटं. बांधावरून घसरलेला पाय. हाताच्या अंतरावर येऊन खाणारी वानरं. वानरं माजली नव्हती. वानरांना कळलं होतं की म्हातारीला आपण दिसत नाही. जे वानरांना कळलं ते दर रविवारी येणाऱ्या लेकाला कळलं नव्हतं, आणि तो गच्चीवर पालथा पडून भलतंच भिंग फिरवत बसला होता. सरांना रडूच आलं, पण रडायला ती जागा नव्हती.

"सरका सर, मला बघू द्या ती वानरीण," आबासाहेब म्हणाले.

सरांनी बाहीच्या आडून झाकण काढलं आणि मुठीत दाबलं. आबासाहेबांनी डोळा लावला, सवयीनं कडं फिरवलं. "ताट हाय. बोर हाय. वानरीण कुठंय?"

"आत्ताच गेली," सर म्हणाले. "पिल्लू घेऊन गेली. मी बघितली ना." विज्ञानाचा शिक्षक भर शिवारात धडधडीत खोटं बोलला आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

सगळे गेल्यावर माय चुलीपाशी बसली. सर तिच्याशेजारी बसले.

"माय, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दिसत नाही ते."

तिनं चुलीत काडी सारली. ती चुकली नाही, चुलीची जागा तिला पाठ होती. "तुला कोण सांगितलं?"

"दुर्बिणीला झाकण होतं, माय."

माय पदर तोंडाला लावून अशी हसायला लागली की सरांना काय करावं कळेना. "आसं व्हय!" ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच झाकण लागलं पुरतं. म्हणलं, आता काळोखच झाला. मंग काय, जिथं जे असतं ते सांगून टाकलं."

"अगं पण आधी सांगायचं ना! मी काय परका आहे?"

"सांगितलं आसतं तर त्याच दिशी गाडीवर घालून नेलं आसतंस," ती म्हणाली, आता हसत नव्हती. "आन परत आणलं नसतंस. तुझ्या घरी मी काय करू? गॅलरीत बसून कुंड्या मोजू? हितं मला दिसत न्हाई, पर समदं समजतंय. तिथं दिसलं तरी काय समजंल?"

 तिनं सांगितलं तो त्यांचा बेत होता, शब्दन् शब्द. आणि आता तर सबबही मिळाली होती. मायला दिसत नाही, एवढं सांगितलं की आख्खी झरी त्यांच्या बाजूनं उभी राहिली असती. तिला कुणी रानात पाऊल टाकू दिलं नसतं. इतके दिवस ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला ते आज हातात होतं. सरांनी चुलीकडं बघितलं, मायकडं बघितलं. तिनं मान दुसरीकडं वळवली होती, आणि ती गरज नसताना चुलीत काड्यांवर काड्या सारत होती. ती घाबरली होती. आपली माय आपल्याला घाबरते, हे सरांना सोसवलं नाही.

"डोळे करून घेऊ," ते म्हणाले. "मोतीबिंदू असेल तर बरं होतं. डॉक्टर हो म्हणाले की मी स्वतः तुला इथं आणून सोडतो. माझा शब्द."

"शब्द तुझ्या बापाचाबी असायचा," माय म्हणाली. "पर तो पाळायचा."

मोतीबिंदूच निघाला, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. "इतके दिवस या चालत कशा होत्या?" डॉक्टरांनी विचारलं. भगवानरावांनी शस्त्रक्रिया कुठल्या वारी करावी, आधी काय खावं आणि डोळ्यात मध घातला तर ती टळते कशी यावर दवाखान्याच्या बाकावर बसून सविस्तर सल्ला दिला. सरांनी तो ऐकून घेतला. हल्ली ते सगळ्यांचं ऐकून घेत.

पट्टी काढली त्या दिवशी शुभदा आणि सर दोघंही समोर उभे होते. मायनं पापण्या उघडझाप केल्या, डोळ्यांतून पाणी गळालं, आणि मग ती सरांकडं टक लावून बघतच राहिली. 

"माय, दिसतंय का?"

"सुगत हायस व्हय?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुझा बाप आला."

शुभदानं तोंड फिरवलं. नर्स हातातलं सोडून तशीच थांबली. सरांनी मायचा हात हातात घेतला. ती अजून बघतच होती, कपाळापासून वर, सावकाश.

"न्हाई," ती म्हणाली. "त्याला टक्कल न्हवतं."

मधल्या काळात आबासाहेबांच्या गड्यानं रान राखलं, आणि रविवारी सर. ताट एकदाच वाजलं. वानरांनी माना वर करून बघितलं आणि परत हरभरा खायला लागली. सरांनी ताट उतरवून, धुवून माळ्यावर ठेवलं.

दुसरा डोळाही झाला. माय परभणीत राहिली. जाळी-जळमटं शोधून काढली, शुभदाच्या पातेल्यांची बुडं परत घासली, आणि झरीचं नाव एकदाही काढलं नाही. तिचं ते नाव न काढणं सरांना फार छळायचं. सकाळी गॅलरीत काळा चष्मा लावून बसलेली दिसली की त्यांना बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याची लाज वाटायची. डॉक्टर म्हणाले, आता कुठंही जाऊ द्या, फक्त धुळीला जपा. सरांनी घरी येऊन धुळीचं तेवढं सांगितलं. थंडी आहे म्हणाले, परीक्षा आहेत म्हणाले, पुढचा रविवार बघू म्हणाले. शुभदानं सगळं ऐकलं.

"डॉक्टरांकडून मीपण आलेच की बरोबर," ती म्हणाली. "आणि शब्द मी नव्हता दिला."

त्या रात्री सरांना झोप आली नाही. सकाळी उठून त्यांनी मोटारसायकल पुसली आणि मायला म्हणाले, "चल." ती कुठं म्हणून विचारायलासुद्धा थांबली नाही. पिशवी तिनं भरूनच ठेवली होती.

रानाच्या कडेला गाडी थांबली. माय उतरली, काळा चष्मा काढून सरांच्या हातात दिला आणि बांधावर उभी राहिली. हरभरा घाट्यांनी लगडला होता, ऊन नुकतं वर आलं होतं. ती बघत होती. ओरबाडलेला तुकडा, लिंब, बोर, खोपीचं वाकलेलं छप्पर, सगळ्यावरून तिची नजर हळूहळू फिरली.  जावं लागणार होतं, गाडी वळवायची होती, पण पाय निघेना.

एकदम माय वाकली, हातात ढेकूळ घेतलं आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली की सर दचकले. "हुर्रर्र! मेल्यांनो! बघायलीय मी! समद्यांना बघायलीय!"

"कुठंयत, माय?"

"कुठं म्हंजे? ती काय बाभळीच्या शेंड्याला! तिघं हायत! धाकटं तर शेंग खायलंय बघ!"

सरांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. मान वाकडी करून बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. माय पुढं निघालीसुद्धा होती, लुगडं खोचून, ढेकूळ उगारून, बांधावर नीट पाय टाकत. सरांना अजून नुसती बाभळच दिसत होती.